घरी जाऊन ज्येष्ठांना फिजिओथेरपी देताना

घरी जाऊन ज्येष्ठांना फिजिओथेरपी देण्याचे काम नव्याने सुरू करणाऱ्यांना मी पहिली सूचना करते ती अशी, की पहिल्या भेटीत पिशवीतून कोनमापक काढण्याआधी मोजपट्टी काढावी. गुडघा किती अंशांत वाकतो हे थोड्या वेळाने पाहिले तरी चालते. त्याआधी पलंगाची उंची, उंबऱ्याची उंची, न्हाणीघराच्या दाराची रुंदी आणि पलंगापासून संडासापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे.

ही सूचना माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेली आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेतील एका जुन्या घरात गुडघ्याची वाटी बदललेल्या आजींकडे मी सहा आठवडे जात होते. पलंगावर त्यांचा गुडघा ११० अंशांपर्यंत वाकू लागला होता, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर समाधानी होते आणि मीही स्वतःवर खूश होते. एके दिवशी सूनबाई चहा देता देता म्हणाल्या, “पाय वाकतोय छान, पण आत्ती अजून मोरीत जाईनात, भांडंच द्यावं लागतंय.” मोरी परड्यात होती; स्वयंपाकघरातून तिकडे उतरायला नऊ इंचांची एकच पायरी होती, धरायला काही नव्हते आणि तिथे दिवसाही अंधार असे. मी त्या दारापर्यंत एकदाही गेले नव्हते. गल्लीतल्याच मिस्त्रीकडून मधे एक अर्धी पायरी बांधून घेतली, भिंतीला एक दांडी बसवली, दिवा लावला आणि चार दिवस फक्त त्याच पायरीचा सराव केला. पाचव्या दिवसापासून पलंगावर भांडे देणे बंद झाले. रुग्णालयात किंवा क्लिनिकमध्ये जे दिसतच नाही ते घरात समोर असते, आणि तेच पाहायचे राहून गेले तर घरी जाण्यात रुग्णाचा रिक्षाखर्च वाचण्यापलीकडे फारसा लाभ उरत नाही.

निघण्यापूर्वी

फिजिओथेरपीची पदवी आणि या व्यवसायाची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडील चालू नोंदणी या दोन गोष्टींशिवाय या कामात उतरू नये, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. परंतु मालिश करणारे, हाडे बसवणारे आणि चार दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले अनेक जण स्वतःला ‘फिजिओ’ म्हणवून घेत असल्यामुळे नोंदणीपत्राची प्रत जवळ ठेवावी आणि कोणी मागितली नाही तरी पहिल्या दिवशी दाखवावी. पदवीनंतर लगेच घरोघरी फिरण्यापेक्षा एक-दोन वर्षे रुग्णालयात, शक्यतो अस्थिरोग आणि मेंदूविकार या दोन्ही विभागांत काढावीत, कारण घरात रुग्णाला अचानक घाम फुटला, तर शेजारच्या खाटेवरून हाक मारायला कोणी नसते.

पिशवी हलकीच असावी. रक्तदाबाचे यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, मोजपट्टी, कोनमापक, तीन मीटर लांबीचा सुती दोरा, रुग्णाच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा, दोन-तीन थेराबँड (व्यायामाचे ताणायचे रबरी पट्टे), टॉर्च, साबण आणि ठळक अक्षरांत लिहिण्यासाठी जाड पेन एवढ्यावर माझी बहुतेक कामे होतात. ‘मशीन आणलं नाही का?’ हा प्रश्न मात्र दर तिसऱ्या घरात येतो, आणि त्याचे उत्तर पहिल्याच दिवशी शांतपणे द्यावे: वेदना कमी करण्यासाठी यंत्राचा काही वेळा उपयोग होतो, परंतु कोणतेही यंत्र माणसाला खुर्चीतून उठायला शिकवत नाही.

भेटींची आखणी भागांनुसार करावी. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ आणि फुलेवाडी एका फेरीत बसतात, राजारामपुरी आणि टाकाळा दुसऱ्या, तर ताराबाई पार्क, नागाळा पार्क आणि कसबा बावडा तिसऱ्या. नवरात्रात अंबाबाईच्या मंदिराभोवतालच्या रस्त्यांवर गाडी नेता येत नाही. त्या दिवसांत महाद्वार रोडच्या आसपासच्या रुग्णांसाठी पहाटेची वेळ ठरवावी किंवा गाडी लांब लावून चालत जाण्याची तयारी ठेवावी.

पहिली भेट

पहिली भेट तासभराची धरावी आणि त्या वेळी घरातील एक जबाबदार माणूस हजर असावा, असे फोनवरच सांगावे. नवख्या घरी एकट्याने जाणाऱ्या मुलींनी आपले लोकेशन घरच्यांना पाठवून ठेवावे, यात संकोच करण्यासारखे काही नाही.

बोलायला सुरुवात रुग्णापासून करावी. बहुतेक घरांत मुलगाच सगळे सांगू लागतो आणि आबा किंवा आजी स्वतःविषयीचे बोलणे तिसऱ्याच माणसाविषयी चालले असावे तसे ऐकत बसतात. म्हणून ‘कुठे दुखते?’ असे न विचारता, ‘सकाळी उठल्यापासून काय काय स्वतः करता, आणि काय करावंसं वाटतं पण जमत नाही?’ असे थेट रुग्णालाच विचारावे. उत्तरे छोटी आणि नेमकी येतात. कोणाला देवघरासमोर बसायचे असते, कोणाला पारावर जाऊन पेपर वाचायचा असतो, एखाद्या आजींना फक्त रात्री कोणाला न उठवता लघवीला जायचे असते. उपचारांचे उद्दिष्ट म्हणून हेच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

त्यानंतर डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांचा डबा पाहावा. कार्डावर पुष्कळदा ‘फिजिओ चालू ठेवा’ एवढेच लिहिलेले असते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायावर किती भार द्यायचा, सांधा मागून उघडला होता की पुढून, हे कळल्याशिवाय रुग्णाला उभे करू नये; शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करून विचारावे आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. झोपेच्या, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तोल जाण्याला कारण ठरू शकतात, म्हणून त्या केव्हा घेतल्या जातात हे विचारावे. मात्र गोळी बंद करण्याचा सल्ला आपण द्यायचा नाही, डॉक्टरांना कळवायचे.

रक्तदाब एकदाच न मोजता, पाच मिनिटे आडवे झोपवून आणि नंतर उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ‘उठलं की अंधारी येते’ या तक्रारीचे कारण सापडते आणि व्यायामाआधी डॉक्टरांशी बोलावे लागते. तोपर्यंत अंथरुणातून उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून घोटे वीसेक वेळा वरखाली करणे आणि मगच उभे राहणे ही सवय लावावी.

चालण्याच्या परीक्षेसाठी मी दोरा वापरते. हात टेकता येतील अशा खुर्चीतून उठणे, तीन मीटर चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे, याला लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे मानून पुढची आखणी करावी. जुन्या घराच्या सोप्यात तीन मीटर सहज मिळतात, नव्या फ्लॅटमध्ये मात्र ते सोफा, टीपॉय आणि दिवाण यांच्यामधून शोधून काढावे लागतात. ती अडचणच नोंदवून ठेवावी, कारण रुग्ण रोज त्याच वाटेने चालणार असतो.

घर

घराची पाहणी रुग्णाच्या वाटेने करावी, म्हणजे पलंगापासून संडासापर्यंत, तिथून जेवणाच्या जागेपर्यंत आणि शेवटी बाहेरच्या दारापर्यंत, शक्य असेल तर रुग्णाला सोबत घेऊनच चालावे. कोल्हापूरच्या जुन्या घरांत खोल्या एका पातळीवर नसतात. जोत्याच्या पायऱ्या, सोप्याचा उंबरा, माजघराचा उंबरा, परड्यात उतरायची पायरी, असे दर दहा पावलांवर पाऊल उचलावे लागते आणि कंपवाताच्या किंवा अर्धांगवायूच्या रुग्णाला नेमके तेच जमत नाही. उंबरा काढा असे सांगण्याच्या फंदात पडू नये, तो कोणी काढत नाही आणि मीही काढायला सांगणार नाही. त्याच्या कडेला गडद रंगाची पट्टी चिकटवावी, चौकटीला हाताच्या उंचीवर दांडी बसवावी आणि उंबरा ओलांडणे हाच एक व्यायाम म्हणून शिकवावा.

शहाबादी फरशी कोरडी असताना ठीक असते, पण पावसाळ्यात तिला ओल येते आणि मोरीजवळ तिच्यावर शेवाळ धरते. ती घासून घेणे, पायपुसण्याच्या सुट्या घड्या उचलणे, मोरीत बसायला पाटाऐवजी रबरी पायांचे प्लास्टिकचे उंच स्टूल देणे, रात्रभर जळणारा छोटा दिवा लावणे, ही कामे त्याच दिवशी होतात आणि जवळजवळ फुकट होतात. भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर भांड्यावर ठेवायचा कमोड स्टँड मिळतो. त्याची उंची रुग्णाच्या गुडघ्यामागच्या खोबणीइतकी किंवा किंचित जास्त असावी आणि चारही पाय फरशीवर पक्के बसतात की नाही हे स्वतः बसून पाहावे. वॉकर घ्यायला सांगण्यापूर्वी न्हाणीघराचे दार मोजलेले हवे. दाराबाहेर ठेवलेला वॉकर आणि आत भिंत धरून सरकणारा रुग्ण हे दृश्य मी इतक्या घरांत पाहिले आहे, की आता त्या दाराचे माप मी पहिल्याच पानावर लिहिते.

चपलेचा विषय आपल्या गावात नाजूक आहे. कोल्हापुरी चपलेचा चामड्याचा तळ ओल्या फरशीवर घसरतो, टाचेला मागून पट्टा नसतो आणि पायात संवेदना कमी असलेल्या मधुमेही माणसाला चप्पल निसटल्याचे कळतही नाही. तरीही चाळीस वर्षे करकर वाजणारी चप्पल घातलेल्या माणसाला ‘ती टाकून द्या’ म्हटले, तर चप्पल राहते आणि फिजिओ जातो. घरात आणि चालण्याच्या सरावाला मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल, आणि लग्नकार्यात खुर्चीवर बसायचे असेल तेव्हा कोल्हापुरी, एवढी तडजोड बहुतेकांना मान्य होते.

काठीविषयी दोन गोष्टी इथेच सांगते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक जण ती दुखऱ्याच बाजूला धरतात आणि त्यामुळे शरीराचा भार त्याच खुब्यावर आणखी पडतो. तिची उंची पायात चप्पल घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगटावरच्या घडीपर्यंत यावी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. वडिलांची वारसाने आलेली काठी उंच असेल, तर ती परवानगी घेऊन कापावी आणि खाली नवे रबरी बूच बसवावे. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम कागदावर लिहून जिन्याच्या भिंतीला लावावा, कारण शिकवल्यावर तासाभराने तो उलटा होतो.

व्यायाम

न्यूझीलंडमधील ओटॅगो विद्यापीठात ज्येष्ठांसाठी तयार झालेला व्यायामक्रम या क्षेत्रात सर्वज्ञात आहे. त्यात पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, शिवाय चालणे, असा क्रम असतो. तो घरी जाऊन शिकवला जातो आणि त्याने पडण्याचे प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले आहे. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही, की वर्षभरात प्रत्यक्ष भेटी चार-पाचच असतात आणि बाकीचे काम रुग्ण स्वतः करतो. रोज येऊन पाय हलवून देणारा फिजिओ घरच्यांना आवडतो, पण हलवून दिलेल्या पायात ताकद येत नाही.

व्यायाम थोडे द्यावेत, चारपेक्षा जास्त नकोत, आणि घरातल्या वस्तूंना बांधून द्यावेत. खुर्चीतून हात न टेकता उठणे हा त्यांतला पहिला. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीतून उठता येत नसेल, तर बैठकीवर वाकळेची घडी ठेवून उंची वाढवावी आणि आठवड्याला एकेक घडी कमी करावी. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, ओट्याच्या कडेने बाजूला पावले टाकणे आणि ओट्याजवळच एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून दहा सेकंद उभे राहणे, हे पुढचे. आठ ते बारा वेळा केल्यावर दमल्यासारखे वाटावे, इतपत जोर हवा. व्यायाम करताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, हे माप सर्वांना समजते. ताकद वाढल्याचे जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे आधीच सांगितले नाही तर तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ असा फोन येतो.

या गावात तुमच्या वाट्याला कधी ना कधी जुना पैलवान येतोच. मंगळवार पेठेतील एका वस्तादांना खुर्चीतून उठण्याचा व्यायाम मी ‘अर्धी बैठक’ म्हणून सांगितला आणि ते लगेच खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दहाऐवजी शंभर काढल्या आणि आठवडाभर दोन्ही गुडघे सुजवून बसले. तालमीची भाषा जरूर वापरावी, पण आकडा सांगताना ‘यापुढं एकही नाही’ हेही तितक्याच कडकपणे सांगावे. गुडघे झिजलेल्या पैलवानाला थांबायला शिकवणे, हे कधीच व्यायाम न केलेल्या माणसाला उठवण्यापेक्षा अवघड असते.

आहारावर बोलणे आपले मुख्य काम नव्हे, परंतु प्रथिनांशिवाय स्नायू वाढत नाहीत, म्हणून मूत्रपिंडाचा विकार नसल्याची खात्री करून दूध, अंडी, डाळी, मासे यांविषयी विचारावे. ‘आबा रोज पांढरा रस्सा पितात’ असे अभिमानाने सांगितले जाते. मटणाच्या फोडी नातवाच्या ताटात गेलेल्या असतात.

काही आजारांतील खबरदारी

खुब्याचा बॉल बदललेला असेल आणि सांधा मागून उघडलेला असेल, तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आत वळवणे टाळायचे असते. म्हणजे पाट, मांडी, उकिडवे बसणे आणि बुटका सोफा हे सगळे बंद. ते घरच्यांना पाटावर प्रत्यक्ष बसून दाखवून समजावावे, नुसत्या शब्दांनी कळत नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो; कमरेच्या पट्ट्याला धरावे. कंपवाताच्या रुग्णाची भेट गोळीचा परिणाम पुरेपूर असतो त्या वेळेची ठरवावी आणि पाय जागीच खिळत असतील, तर दारापाशी जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवाव्यात. रेघ ओलांडायची म्हटले की अडलेले पाऊल पुष्कळदा उचलले जाते. मधुमेही रुग्णाचे तळपाय दर भेटीला पाहावेत, संवेदना तपासल्याशिवाय गरम पाण्याची पिशवी देऊ नये, आणि घाम व थरथर सुरू होऊन साखर ७० च्या खाली गेली असेल, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. इथे शिकवायचे असते ते रुग्णाला कमी आणि सूनबाईंना जास्त, नाहीतर महिन्याभरात त्यांची कंबर हा आपला पुढचा रुग्ण होतो.

व्यायाम सुरूच न करण्याची कारणे पक्की हवीत. विश्रांतीत रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली असेल आणि फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे डॉक्टरांनी त्याहून कमी मर्यादा ठरवून दिलेली नसेल, तर मी फक्त डॉक्टरांना फोन करते. शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते. तिला तेल लावून चोळायला निघालेल्या नातवाचा हात थांबवावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल आणि पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत असेल, तर उभे करून पाहू नये. तोंड वाकडे होणे, एक हात पडणे, शब्द अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर १०८ ला फोन करावा आणि ते कधी सुरू झाले ती वेळ लिहून द्यावी, कारण मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

घरची माणसे, पैसे आणि पूर

फी, वेळ आणि भेट रद्द करण्याची पद्धत पहिल्या दिवशी लिहून द्यावी, पावती द्यावी आणि महिन्याची रक्कम आगाऊ घेऊ नये. आगाऊ घेतली की भेटी कमी करण्याचा सल्ला देताना आपलीच जीभ अडखळते. रुग्णाचे फोटो किंवा व्हिडिओ संमतीशिवाय कोणालाही पाठवू नयेत. हेळसांड किंवा मारहाणीची खूण दिसली, तर नुसते कुजबुजत बसू नये. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

पावसाळ्यात आणखी एक जबाबदारी येते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा चिखली-आंबेवाडी अशा भागांत आपला अंथरुणावरचा रुग्ण असेल, तर जुलै उजाडण्यापूर्वीच त्याला खुर्चीत बसवून दोघांनी कसे उचलायचे याची तालीम घ्यावी, औषधांची यादी आणि डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला सांगावे, आणि पाणी ३९ फुटांकडे सरकू लागताच नातेवाइकांकडे हलवण्याविषयी बोलावे. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसांना हे पटवून द्यावे लागत नाही, पण उचलायचे कसे, हे दाखवावेच लागते.

भेटी थांबवणे

सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्याने आणि नंतर महिन्यातून एक फोन, असे अंतर वाढवत न्यावे. शेवटच्या भेटीआधी चार व्यायाम ठळक अक्षरांत लिहिलेला कागद कपाटाच्या दारावर लावावा, दोऱ्याने तीच तीन मीटरची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि पहिल्या दिवसाचा आकडा शेजारी लिहावा. त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट करते. येण्याची वेळ सांगते, बेल वाजवते आणि दार आजींनीच उघडावे, कोणी मधे धावू नये, असे घरच्यांना आधी बजावून ठेवते. बाहेर उभी राहून घड्याळ पाहते. एकदा राजारामपुरीत दोन मिनिटे दहा सेकंद लागले. आतून काठीचा आवाज, मग उंबऱ्यापाशी थोडी शांतता, मग कडी निघाल्याचा आवाज आला. मी तो वेळ वहीत लिहिला आणि पुढची तारीख लिहिली नाही.